अठ्ठावन्न किलो

कडूबाईच्या पत्र्याच्या पेटीत एका प्लॅस्टिकच्या पिशवीत तिचे चार पासपोर्ट फोटो होते, मागच्या वर्षी पेन्शनच्या कागदांसाठी काढलेले. चारही फोटोंत ती सारखीच चिडलेली दिसायची, कारण फोटोवाल्यानं तिला डोक्यावरचा पदर मागं घ्यायला सांगितला होता. मंगळवारी तिनं पिशवी उघडली तर फोटो तीनच. घरात माणसं तीन. मुलगा कल्याण दिवस उजाडला की टेम्पो घेऊन कांदा भरायला जायचा. त्याला स्वतःचा चार्जर सापडत नसे, तो आईची पेटी काय उघडणार. म्हणजे हात सुनेचा, जयाचा.

तिनं विचारलं मात्र नाही. विचारलं की माणूस सावध होतं. तिचा नवरा हयातभर काष्टीच्या बाजारात बैलांची दलाली करायचा आणि सांगायचा, बैल बघायचा तर मालकाचं लक्ष नसताना बघावा. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, पण ही शिकवण कडूबाईनं जपून ठेवली होती. ती गप बसली आणि सुनेवर नजर ठेवू लागली.

बघायला लागलं की दिसायला लागतं. रोज दुपारी दोनच्या सुमाराला, सासूचा डोळा लागला असं वाटलं की, जया दाराची कडी न वाजवता बाहेर पडायची आणि सव्वातीनला परत यायची. येताना मान घामानं ओली. शेत दोन वर्षांपासून वाट्यानं दिलेलं, तरी तिच्या तळहातांना बोटांच्या मुळाशी नवे घट्टे पडलेले. फुटाण्यांचा डबा आठवड्यात तळ गाठायचा. एकदा बाजरीच्या रिकाम्या कोठीत कडूबाईच्या हाताला बूट लागले, निळे, नाडीचे, बाईच्या मापाचे. तिनं ते उलटेपालटे करून पाहिले आणि होते तसे ठेवून दिले. जिचा पोरगा पुण्याला कंपनीत कामाला लागलाय अशा बाईला नाडीचे बूट कशाला हवेत, याचं सरळ उत्तर तिला सापडेना.

त्यात कॅलेंडर. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटींत जया दुधाचे लिटर लिहायची. त्याच चौकटींत आता लाल शाईचे आकडे येऊ लागले होते. कडूबाईला अक्षरं येत नसत, पण आकडे पक्के येत. जानेवारीत वीस, पंचवीस. फेब्रुवारीत तीस, पस्तीस. मार्च संपताना आकडा पन्नासवर आला, आणि एप्रिलच्या पानावर, अगदी खालच्या कोपऱ्यात, एक आकडा गोल करून ठेवलेला होता. अठ्ठावन्न.

अठ्ठावन्न किलो हे कडूबाईचं वजन. दोघी बीपी तपासायला गेल्या तेव्हा काट्यावर भरलेलं, आणि जयानं नर्सबाईला दोनदा विचारून पक्कं करून घेतलेलं. सासूच्या वजनाशी सुनेचं काय काम?

हे कोडं सोडवलं भीमाबाईनं. भीमाबाई शेजारची, कडूबाईच्या बरोबरीची, आणि जे माहीत नसेल तेही छातीठोक सांगणारी. कडूबाईची आंघोळ असली की हल्ली ती न्हाणीच्या दाराशी येऊन बसायची. तिनं सगळं ऐकून घेतलं, दोनदा मान हलवली आणि सांगितलं की राहात्याकडच्या तिच्या मावसबहिणीचं अगदी असंच झालं होतं. "आधी फोटू न्हेत्यात. मग वजन करत्यात. मग एक दिवस गाडी येती दारात," ती म्हणाली. "म्हाताऱ्यांच्या आश्रमात घ्यायची रीतच हाय ती."

कडूबाईला हे पटलं, कारण पटायला कारण होतं. दिवाळीनंतर ती न्हाणीत साबणावरून घसरून पडली होती. हाड मोडलं नाही, पण उठताही येईना. जयानं काखेत हात घालून तीनदा ओढून पाहिलं. तिसऱ्यांदा ती स्वतःच पडली. मग ती अंगणात पळाली आणि शेजारच्या आसारामला हाक मारली. आसाराम भाऊबंदांतला; त्याच्याकडे गाय बघायला आलेले दोन परके गडीही त्याच्यामागं आले. तिघांनी मिळून कडूबाईला बाहेर काढलं. अंगावर ओलं लुगडं, तेही अर्धं. जयानं टॉवेल टाकला, पण तो टाकेपर्यंत जे दिसायचं ते दिसून गेलं होतं. ज्या भाऊबंदकीत पन्नास वर्षं डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्याच भाऊबंदकीतल्या माणसानं तिला उचलून खाटेवर ठेवलं. त्यानंतर कडूबाई आसारामच्या अंगणातून कधी गेली नाही. लांबचा रस्ता धरायची.

त्या दिवशी ती सुनेला एकच वाक्य बोलली होती, आणि नंतर चार दिवस काहीच बोलली नव्हती. तेव्हापासून दोघींत भांडण नव्हतं, पण बोलणंही कामापुरतंच. आता या बयेनं आपली सोय लावायचं ठरवलंय, कडूबाईनं मनाशी हिशोब जुळवला. म्हातारी परत पडली तर उचलायला नको. ज्या घरात ती अठराव्या वर्षी आली, त्या घरातून आश्रमाच्या गाडीत बसायचं, या विचारानं तिची जेवणावरची वासनाच उडाली. कल्याणला सांगावं, तर तोही सामील असेल तर काय करायचं?

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी ती दोन वाजता डोळे मिटून पडली. कडी वाजली नाही, पण दाराचं बिजागर कुरकुरलं. शंभर अंक मोजून ती उठली, चपला हातात घेऊन अंगण ओलांडलं आणि पुढं मग पायात घातल्या. उन्हात रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. जया पिशवी काखेत मारून झपाझपा पुढं, आणि सत्तरी ओलांडलेली कडूबाई भिंतींच्या सावलीनं तिच्या मागं. जया स्टँडच्या मागच्या बोळात वळली आणि महमूदभाईच्या जुन्या खताच्या गोदामात शिरली. शटर अर्धं खाली होतं. आत लोखंड आपटल्याचा आवाज येत होता.

कडूबाई वाकून आत गेली.

आत सात-आठ बाया होत्या, एकही पुरुष नव्हता. कुणी सलवारीत, कुणी नवऱ्याची ट्रॅक पँट घातलेली. महमूदभाईची पोरगी अल्मास, जी वजनं उचलायच्या स्पर्धेत राज्यापर्यंत जाऊन आली होती, ती मध्ये उभी राहून आकडे मोजत होती. जया, पायात ते निळे बूट, जमिनीवरचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून वाकलेली. पण कडूबाईचं लक्ष तिच्याकडे गेलं नाही. समोरच्या भिंतीवर मारुतीची तसबीर होती, तिला रुईच्या पानांचा हार होता, आणि त्या हाराखाली फोटोंची एक रांग होती. रांगेच्या मधोमध, वहीच्या पानाएवढी मोठी केलेली, चिडलेल्या तोंडाची कडूबाई होती.

आपल्याकडे जितं माणूस भिंतीवर जात नाही. कडूबाईच्या घरात भिंतीवर सासू, सासरे आणि नवरा होते, आणि तिघांनाही हार होते. आश्रम राहिला बाजूला, हिनं तर आपल्याला थेट वरच पाठवलं, असं तिला वाटलं.

"मी मेले का गं?" तिनं दारातूनच विचारलं.

जयाच्या हातातून दांडा सुटला. अल्मास पुढं आली, तिनं कडूबाईला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. बाया हौसेनं येतात, अंग दुखायला लागलं की आठव्या दिवशी गायब होतात. म्हणून तिनं इथं एक नियम केला होता: ज्याच्याकडं बघून उद्या परत यावंसं वाटेल, त्याचा फोटो प्रत्येकीनं भिंतीवर लावायचा. एकीनं नटी लावली होती. पोलीस भरतीच्या पोरीनं वर्दीतली फौजदारीण लावली होती. एकीनं स्वतःच्याच लग्नातला फोटो आणला होता. जयाताई पहिल्या महिन्यात दोनदा सोडून गेल्या, अल्मास म्हणाली, पण हा फोटो लावल्यापासून एक दिवस चुकल्या नाहीत.

बाकीच्या बाया कडूबाईकडे कौतुकानं बघू लागल्या. कडूबाईला ते कौतुक पचेना. चार महिने जी सून कामापुरतं बोलते, तिला सासूचा एवढा उमाळा?

"येवढी माया कवापासून?" तिनं जयाला विचारलं.

"माया न्हाई, आत्याबाई," जया म्हणाली. तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "राग हाय. त्या दिवशी तुमी म्हनल्या, एक म्हातारी उचलंना तुला, काय कामाची तू. त्या फोटूकडं बघितलं की ते ऐकू येतं. मग लोखंड वर जातं."

जया आता थांबणार नव्हती.

"मलाबी परक्या मानसांला हाक मारायची न्हवती. ताकदच न्हवती अंगात. तुमी परत पडल्या तर कुनाला हाक मारायची न्हाई, येवढंच ठरिवलंय. पन्नास झालं. आठ ऱ्हायलं."

"मग आश्रमाचं?" कडूबाईनं विचारलं.

"कसला आश्रम?"

कडूबाईला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग इतकं बरं वाटलं की तिला पुन्हा राग आला. हाक मारताना सुनेला काहीच वाटलं नसेल, असं धरून ती चार महिने बसली होती. ती पोर अंगणात पळाली तेव्हा तिचं तोंड कसं झालं होतं, हे तिनं बघितलंच नव्हतं, कारण ती स्वतःचीच अब्रू सांभाळत होती. पण म्हणून लगेच पाघळायची तिची रीत नव्हती. बाजारात मालकानं कितीही सांगितलं तरी बैल चालवून बघितल्याशिवाय घ्यायचा नसतो.

ती खुर्चीवरून उठली. दांड्याच्या टोकाच्या वजनाला पायाच्या बोटानं टोकरून पाहिलं.

"ह्याला धरायला दांडा हाय," ती म्हणाली. "मला कुटं हाय?"

आणि ती गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू, कण्हत, तिथं अंथरलेल्या सतरंजीवर फतकल मारून बसली. बरोबर आपल्या फोटोच्या खाली. अल्मासनं जयाला मागं उभं केलं, काखेतून हात घालून पुढं मनगट कसं पकडायचं ते दाखवलं, पाठ ताठ आणि जोर मांड्यांचा, असं सांगितलं. कडूबाईनं मुद्दाम अंग ढिलं सोडलं, न्हाणीत झालं होतं तसं. जयाचे हात तिच्याभोवती आवळले. कानाशी सुनेचा श्वास एकदा अडकला, आणि मग जमीन कडूबाईच्या बुडाखालून निघून गेली. ती उभी होती. जयाचे हात अजून तिच्याभोवती होते.

बाया टाळ्या वाजवणार होत्या, पण कडूबाईनं हात वर करून त्यांना थांबवलं. मग तोच हात डोक्याकडे नेला. पदर खांद्यावर आला होता. तिनं तो नीट डोक्यावर घेतला, टोक कानामागं खोचलं आणि पुन्हा गुडघ्यावर हात टेकून सतरंजीवर बसली.

"पदर ढळला," ती म्हणाली. "पुन्यांदा उचल."

जया बुटाची नाडी घट्ट करून पुन्हा तिच्या मागं उभी राहिली.