पंचफुलाबाईंची दिल्ली

"लाल किल्ला लाल दगडाचा हाय," पुंजाजींनी सांगितलं आणि विहारातल्या मंडळींनी त्यावर विश्वास ठेवला.

धामणगाव बढ्याच्या या विहारात एक पद्धत आहे. कुणी लांबच्या गावाहून परतलं, की रविवारच्या वंदनेनंतर त्यानं उभं राहून पाहिलेलं सगळ्यांना सांगायचं. पुंजाजी एसटीतले निवृत्त कंडक्टर. लेक सारिका दिल्लीत नर्स आहे; तिनं बोलावलं म्हणून नवराबायको दोघं जाऊन आली होती. सांगायला मात्र पुंजाजी एकटेच उठले.

अलीपूर रोडवरचं बाबासाहेबांचं स्मारक सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी हात जोडले. तिथंच ते बसले असते तर बरं झालं असतं. पण मग त्यांनी लाल किल्ला काढला, इंडिया गेट काढलं आणि कुतुबमिनार खालपासून वरपर्यंत सांगितला, वर कुणालाच चढू देत नसताना. ही सगळी ठिकाणं लोकांनी टीव्हीवर पाहिलेली. मागच्या रांगेत तानुबाई बसल्या बसल्या झोपल्या.

विहाराचं काम बघणाऱ्या देवानंदनं केवळ रीत म्हणून पंचफुलाबाईंना विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का. त्या बसूनच बोलल्या. कुतुबमिनार पाहून यांचा गुडघा सुजला, म्हणून दुसऱ्या दिवशी हे सारिकाच्या खोलीवरच होते. आम्ही दोघी मायलेकी दगड पाहायला गेलो.

"कोन्ता दगड?" देवानंदनं विचारलं.

"सम्राट अशोकाचा. त्याच्या काळातली अक्षरं हायेत त्याच्यावर. तिथं कोनी येत नाही. बाजूले पोरं किरकेट खेळून राह्यली व्हती."

तानुबाई जाग्या झाल्या. मग प्रश्नच प्रश्न. हात लावू देतात का, अक्षरं कशी दिसतात, राजानं लिहिलंय काय. पंचफुलाबाई जेवढं आठवत होतं तेवढं सांगत होत्या. अक्षरं झिजलीत. मला वाचता आली नाहीत, पण मी बराच वेळ बघत बसले. वर छत आहे, भोवती जाळी आहे. मग उंच इमारतींच्या मधोमध असलेली पायऱ्यांची जुनी विहीर सांगितली. लाल किल्ल्याचं नाव पुन्हा कुणी घेतलं नाही.

"दगडच पाहाचा व्हता त आपल्या वावरात काय कमी हायेत?" घरी जाताना पुंजाजी म्हणाले. त्यानंतर दगडाबद्दल त्यांनी बायकोला एक अक्षर विचारलं नाही.

लोक मात्र विचारत राहिले. बायका दुपारी घरी यायच्या आणि पुंजाजींना बाजेवरून उठवून तिथं बसायच्या. मोताळ्याच्या बाजारात तर एका अनोळखी माणसानं त्यांना थांबवून विचारलं, "तुमी दगडवाल्या बाईचे मालक ना?" ज्या माणसाला त्या रस्त्यावरचा प्रत्येक थांबा नावानं ओळखत होता, त्याला हे ऐकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर, विहारात न आलेल्यांपुढे, पुंजाजी म्हणाले, "आमी दोघांनीबी पाह्यला." सुरुवातीला दगड त्यांच्या कमरेइतका होता. आठवड्याभरात तो डोक्याच्या वर गेला, आणि महिना संपायच्या आत एसटीच्या टपाला लागला.

मग संग्रामपूरच्या महिला मंडळाचा निरोप आला. अशोक जयंतीला पंचफुलाबाईंनी येऊन दिल्लीचं सांगावं. पुंजाजींना बोलावणं नव्हतं. तिला गाडी बदलता येत नाही, असं कारण काढून ते सोबत निघाले.

पंचफुलाबाई बोलल्या, टाळ्या पडल्या. मंडळाच्या धम्मशीलाताई भल्या बाई. पाहुणीचा नवरा कोपऱ्यात अवघडून बसलेला त्यांना बघवेना.

"बाबा, तुमीबी व्हते म्हन्तात सोबत," त्या माइकवर म्हणाल्या. "धामणगावचे लोक सांगत व्हते. तुमाले दगड पाहून कसं वाटलं, सांगा ना."

पुंजाजींनी बायकोकडे पाहिलं. टपरीवरचा दगड केवढा झालाय हे तिच्या कानावर कधीचंच आलं होतं. तरी ती म्हणाली, "हाव, व्हते की हे."

माइक पुंजाजींच्या हातात आला. सभा कान देऊन बसली होती. एसटीएवढा दगड त्यांच्या ओठावर आला आणि तिथंच अडला.

"म्या नाही पाह्यला," ते म्हणाले. "खोलीवर गुडघा शेकत पडलो व्हतो. हिनं पाह्यला."

कुणीतरी टाळी वाजवली. चुकून असावी.

परतीच्या गाडीत दोघांना एका बाकावर जागा मिळाली. नांदुरा मागे पडलं. पुंजाजी समोरच्या बाकाच्या दांडीकडे बघत होते.

"केवढा व्हता वं?"

"काय?"

"दगड."

पंचफुलाबाईंनी हात पसरून दाखवायला घेतले. डावा हात खिडकीच्या गजाला लागला, उजवा पुंजाजींच्या खांद्याशी अडला. त्यांनी हात आवरते घेतले.

पुंजाजी उठले. मधल्या वाटेत उभे राहिले, नोकरीत उभे राहायचे तसे, बाकाला कंबर टेकवून. म्हणाले, "आता दाखव."