शेवंतीचे पाय

बैल अडला की शेपटी पिरगाळायची, तो चालायला लागतो. आमच्या शिरोड्यामागच्या वाडीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि मी तर वीस वर्षं जोत धरलेली बाई. नवऱ्याच्या कमरेने दगा दिला तेव्हा वाडीतल्या पुरुषांनी तोंडं वाकडी केली, पण चिखलात बैल मीच फिरवले. मथुरेसमोर मारका बैलही मान खाली घालतो, असं लोक म्हणायचे. मीही ते खरं मानून बसले होते.

तर माझ्या मुलाने, कौस्तुभने, घोडी आणली. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायला. फोंडाघाट उतरून टेम्पो आला, घोडी खाली उतरली आणि आमच्या आवाराच्या दारात जी थांबली ती हलेना. तांबूस रंग, कपाळावर पांढरा ठिपका, नाव शेवंती. कौस्तुभ पाणी आणायला गेला होता. मी म्हटलं, हिचं काय एवढं! बाजूला उभी राहिले, शेपटी धरली आणि दिला पीळ. नेमका त्याच वेळी कौस्तुभ बादली घेऊन मागून आला. लाथ मला लागलीच नाही. ती सरळ मागे गेली आणि माझ्या मुलाच्या गुडघ्याखाली बसली. हाड मोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला.

माझा हात शेपटीवर होता हे त्याने पाहिलं नव्हतं. घोडी खुनशी आहे, असं वाडीने ठरवलं, त्यानेही ठरवलं. पायाला प्लास्टर आलं. ते निघालं की घोड्यांचा व्यवहार करणारा घाटावरचा माणूस येऊन हिला घेऊन जाईल, असं त्याने फोनवर पक्कं करून टाकलं. लाथाळ म्हणून शिक्का बसलेल्या घोडीला पुढे कोण कसं वागवणार, हे सांगायला नको. आणि मी? कुणाच्या घरात मांजर व्याली तरी चार घरी सांगणारी मी, तोंडाला कुलूप लावून बसले. मुलाचा पाय आईने मोडला, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? लाज वाटते, पण खरं ते खरं.

चौथ्या दिवशी मी अलीमियाँचाचांकडे गेले. तरुणपणी त्यांनी मिरजेला टांगा हाकलेला. आता पंचाहत्तरी उलटली, मुलांच्या मासळीच्या धंद्यावर नुसती नजर ठेवून बसतात. त्यांना मात्र मी सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"बैल बाजूक मारता गो, घोडो पाठी मारता," ते म्हणाले. "तू तिका बैल समाजलंस. तिना तुका काय समाजल्यान, ता आता बघूया."

दुसऱ्या दिवसापासून चाचा रोज सकाळी यायला लागले. पहिला आठवडाभर त्यांनी मला घोडीला हात लावू दिला नाही. नुसतं स्टूल टाकून बसायचं आणि बोलत राहायचं, तिला माझा आवाज ओळखीचा होईपर्यंत. बोलण्याची मला कधी अडचण पडलेली नाही. सगळ्या शेजारणींचा समाचार मी शेवंतीसमोर घेतला, आणि तिने तो कान हलवत ऐकला.

मग एकेक गोष्ट. तिला दोन्ही बाजूंचं दिसतं, पण अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही, म्हणून खांद्याकडून जायचं आणि आधी आवाज द्यायचा. मागून पलीकडे जायचं तर तिच्या अंगावर हात ठेवून, अगदी खेटून, नाहीतर चांगलं लांबून. भिंत आणि घोडी यांच्या मधे कधी शिरायचं नाही. बैलाचा कासरा मनगटाला गुंडाळायची माझी सवय तर चाचांनी अक्षरशः हातावर चापट मारून सोडवली. घोडी उधळली तर हात तिच्याबरोबर जाईल, म्हणाले. मी किती वेळा चिडले, विचारू नका. पन्नाशी उलटल्यावर पहिलीच्या वर्गात बसल्यासारखं वाटायचं.

पण तिने पहिल्यांदा पाय उचलून दिला तो दिवस! मी खांद्यावरून हात खाली आणत गेले, गुडघा, नळी, आणि 'दी गो' म्हटलं. तिने तो पाय उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. चारशे किलोचं जनावर. शिंगं नाहीत, नखं नाहीत, पळणं एवढंच त्याच्याजवळ. आणि पळायचा तो पाय तिने माझ्या हातात दिला, ज्या हाताने तिची शेपटी पिरगाळली होती त्याच हातात. मला रडूच फुटलं. चाचा दुसरीकडे बघत राहिले.

पाचव्या आठवड्यात मी नवऱ्याची जुनी पॅन्ट घालून आवाराच्या दगडी गडग्यावर चढले आणि तिथून तिच्या पाठीवर बसले. वाडीत हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. हसेनात का! 'चल' म्हटलं की शेवंती चालायची, 'रव' म्हटलं की थांबायची. कौस्तुभ एवढे दिवस हे सगळं खिडकीतून बघायचा. प्लास्टर निघालं. रविवारी टेम्पो येणार होता. शुक्रवारी सकाळी मी त्याला म्हटलं, एकदा किनाऱ्यावर ये, तिला बघ, मग काय ते ठरव. तो काठी टेकत आला आणि सुरूंच्या सावलीत बसला.

मी दिमाखात निघाले. भरती लागत होती. जरा पुढे वाडीतला लवू आणि त्याची माणसं रापणीचं लांबलचक जाळं किनाऱ्याकडे ओढत होती. वाळूत अर्धं पुरलेलं, कुणी टाकून दिलेलं नायलॉनचं जाळं मला दिसलंच नाही. शेवंतीचा पुढचा पाय त्यात गेला. तिने तो ओढला तसा मागचाही गेला. ती दचकून मागे सरली, जाळं आवळलं, आणि मी कशीबशी घसरत खाली उतरले. घोडीचा पाय मोडला की बैलासारखा बांधून बसवता येत नाही, हे चाचांनी सांगितलं होतं. मोडला की संपलंच. आणखी एक झटका, की पाय जाणार होता.

"रव," मी म्हटलं. "रव गो, शेवंती."

ती थांबली. नाकपुड्या फुगलेल्या, डोळ्यांचं पांढरं दिसतंय, सगळं अंग थरथरतंय, पण थांबली. तेवढ्यात लवू आणि त्याची माणसं दोर घेऊन धावत आली. बैलाला नाल ठोकताना दोर घालून पाडतात, तशी हिला आडवी पाडूया म्हणाले. आमच्याकडच्या कुणालाही तेच सुचलं असतं. मी त्यांना लांबच थांबायला सांगितलं, लवूकडून सुरी घेतली आणि तिच्या पोटाखाली शिरले. दुसरी वाटच नव्हती. जाळ्याची गाठ तिथेच होती.

कौस्तुभ लंगडत येत ओरडला, "आये, भायर ये. माका मारल्यान तशी तुकाय मारतली. लवू, घाल रे दोर."

"दोर मागे घ्या," मी आतून म्हटलं. "ती मारूची नाय. तुकाय तिना आपणहून मारूक नाय, कौस्तुभ. मी तिची शेपटी पिरगाळलंय, म्हणान तुझो पाय मोडलो. चूक माझी."

लवूने दोर खाली टाकला. मी एकेक धागा कापत गेले. लाट आली, माझ्या कमरेपर्यंत पाणी आलं, वाळू सरकली. डोक्यावर तिचं पोट, चारी बाजूंना तिचे चार पाय. वाटलं असतं तर एका लाथेत तिने माझा निकाल लावला असता. तिच्या गुडघ्यावरची कातडी थरथरत होती, पण खूर हलला नाही. आमच्या वेतोबाच्या देवळात मी जन्मभर जाते, पण असा काटा अंगावर कधी आला नव्हता. मी काय दिलं होतं हिला? सहा आठवड्यांच्या नुसत्या गप्पा. आणि ती माझ्या एका शब्दावर उभी होती.

शेवटचा धागा तुटला. मी बाहेर आले, तिचा लगाम सैल सोडला. शेवंतीने मोठा श्वास टाकला, मान झटकली आणि चारी पायांवर नीट उभी राहिली.

कौस्तुभ दहा पावलांवर येऊन थांबला होता. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

"तिच्याकडे कसा जावचा?" त्याने विचारलं.

"खांद्याकडसून. आधी आवाज दी."

ओल्या वाळूतून पाय ओढत तो तिच्या खांद्याकडे गेला आणि तिच्या मानेवर हात ठेवला. "तुझी चूक नाय गो," तो तिला म्हणाला. मग तिथेच उभा राहून त्याने घाटावरच्या माणसाला फोन लावला आणि येऊ नको म्हणून सांगितलं.

माझ्याशी मात्र तो सहा दिवस बोलला नाही. मी वाढायची, तो जेवायचा, आणि हात धुऊन सरळ तिच्याकडे जायचा.