गोजराबाईची काळी माती

नवी मुंबईत दिघ्याच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी गोजराबाईचं एकच शेत उरलं होतं, आणि विजेची केबल नेमकी त्यातूनच जायची होती! तिने पहिल्याच दिवशी बजावलं, "जमिनीखालून न्या नायतर आभाळातून न्या, पन भात निघाल्यावर मला वाल पेरायचाय."

केबलवाल्यांची इंजिनीअर संघमित्रा मोठी नेटाची पोरगी. चर खणताना तिने वरची काळी माती एकीकडे रचली, खालचा मुरूम दुसरीकडे. काळ्या ढिगावर जाळी घातली आणि डंपर सोडाच, माणसालाही त्यावरून चालू देईना. "केबल पुरली की आधी मुरूम, मग ही माती. होतं तसं शेत परत," ती म्हणाली. गोजराबाईला ती इतकी आवडली की सूनच करून घेतली असती, पण कुंदनचं लग्न झालेलं.

हा कुंदन तिचा मुलगा. धंदा बिल्डरचा. आता नवी मुंबईतल्या बिल्डरला मातीचा ढीग दिसला की एकच सुचतं, भरणी! त्यातून ढीग आईच्याच शेतात. पठ्ठ्याने रातोरात टेम्पो लावला आणि सगळी माती गावच्या मैदानात नेऊन ओतली. टेनिस बॉल क्रिकेटचे सामने तोंडावर आले होते आणि पिच खचलं होतं.

सामन्यांच्या दिवशी सकाळी गोजराबाई शेतावर आली, तर जाळी चुरगळून पडलेली आणि संघमित्रा कपाळाला हात लावून बसलेली. केबल पुरली होती, मुरूम भरला होता आणि वरचा थर गायब! जमिनीतली ओल रोज कमी होत होती. नुसत्या मुरमात वाल कसला धरतोय?

माती कुठे गेली ते कळायला वेळ लागला नाही. गोजराबाई तडक मैदानात गेली आणि चालू सामन्यात पिचवर फतकल मारून बसली. बोलर धावता धावता थबकला. माईकवरचा बोलला, "आणि पिचवर आलीय... गोजराकाकी!"

कुंदन धावत आला. "आये, उठ ना! इज्जतीचा फालुदा करतेस. माती ती माती. उद्या चार डंपर टाकतो."

"कोनाची टाकशील?" गोजराबाईचा आवाज चढला. "तुजा बा तल्यातला गाळ नि शेन डोक्यावर वाहून वाहून मेला, तवा ती काली झाली. बापावर नाचताव काय रं?"

कुंदनने मान खाली घातली.

मग मागोमाग आलेल्या संघमित्रानेच मार्ग काढला. चरात केबल आणि वाळू गेल्यामुळे थोडा मुरूम उरला होता. पिचला तो उलट बरा. "पण शेतात जेसीबी घालायचा नाही हां, माती दबेल," तिने दम भरला. "घमेली आणा."

झालं! दोन्ही टीम एका रांगेत उभ्या राहिल्या आणि घमेली हातोहात शेतात जाऊ लागली. बोलर बॅट्समनला शिव्या घालत होता, बॅट्समन बोलरला, आणि गोजराबाई दोघांनाही.

संध्याकाळी माती पसरून झाली तशी पोरं वडापाव खायला पळाली. कुंदन मात्र बांधावर बसला. त्याने स्पोर्ट्स शूज काढले आणि शेतात उलटे करून आपटले.

"एवढीच राहिली होती, आये."

गोजराबाईला रडूच फुटलं. पदराने नाक पुसत ती म्हणाली, "मोजे पन झटक."