धुनीवर टांगलेले धान

गुड्डीचे पारडे खाली गेले, आणि मंडपातल्या तीन-चारशे माणसांच्या मुखातून एकाच वेळी जयघोष उमटला. डाव्या पारड्यात नऊ वर्षांची ती मुलगी मांडी घालून बसली होती. उजव्यात तिच्याच शेतातल्या धानाचे, तोंडाला लाख लावून बंद केलेले पोते होते. पाच आठवड्यांपूर्वी ही दोन्ही पारडी समतोल होती. त्यानंतर दर सोमवारी गुड्डीचे पारडे थोडे थोडे झुकत गेले, आणि आज तर पोत्याच्या बाजूला एक किलोचे लोखंडी वजन टाकले तेव्हा कुठे काटा मध्यावर आला.

"देखो, देखो!" तुलानाथ महाराजांनी हात उंचावला. "अन्न म्हणजे ब्रह्म! अन् पोरगी आज ब्रह्माहून भारी झाली! मंग रोग कुठी राहिला, बोला? कॅन्सर गया! टिकट कटा के गया!"

ब्रह्माहून भारी असे काही असू शकते, हे उपनिषदांच्या कर्त्यांना सुचले नव्हते. ते महाराजांना सुचले, आणि मंडपाने टाळ्यांनी त्यावर संमतीची मोहर उठवली. त्यानंतर महाराजांनी मंत्र म्हटला. त्यातल्या विभक्ती ज्याच्या त्याच्या मर्जीने आल्या आणि गेल्या. परंतु स्वर गंभीर होता, आणि भाविकांना तेवढे पुरते.

पुढच्या रांगेत गुड्डीचा बाप धर्मेंद्र हात जोडून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. आई शुभांगी मात्र काट्याकडे पाहत नव्हती. ती लेकीच्या ओठांकडे पाहत होती. गुड्डीने खालचा ओठ दातांखाली धरला होता.

धर्मेंद्र हा मोहाडी तालुक्यातला चार एकरांचा धान उत्पादक. हंगामात तो धान खरेदी केंद्रावर कामाला असे. पोत्यातून मूठभर दाणे काढायचे, यंत्रात टाकून ओलावा पाहायचा, मग मोठ्या काट्यावर वजन घ्यायचे, हे त्याचे काम. यंत्र पुढे आले; परंतु दाणा दाताखाली फोडून किती वाळला हे सांगण्यात त्याची चूक क्वचितच होई. ओलावा सतरा टक्क्यांहून अधिक निघाला की पोते परत. त्या एका वाक्यासाठी पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांनी त्याला मनोमन बऱ्याच शिव्या दिल्या असतील. अशा माणसाच्या डोळ्यांदेखत जे घडले, ते घडावे हाच या कथेतला खरा चमत्कार.

गुड्डीच्या पोटातली गाठ दीड वर्षापूर्वी सापडली. नागपूरला शस्त्रक्रिया झाली, सलाईनमधून दिलेल्या औषधांनी केस गेले, पुन्हा आले, आणि केसांबरोबर गाठही परत आली. दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी दोघा पतिपत्नींना समोर बसवले. ते म्हणाले, "ही गाठ आता बरी होणार नाही. पण हिला दुखू नये, ही जबाबदारी आमची. घरी न्या, औषध देऊ, आमची नर्स घरी येत राहील."

दोघांनी एकच बोलणे ऐकले, आणि दोघांना ते निरनिराळे ऐकू आले. बापाला पहिले वाक्य ऐकू आले, आईला दुसरे.

"डॉक्टरनं हात टेकले, म्हणून मी बी टेकू?" परतीच्या बसमध्ये धर्मेंद्र म्हणाला.

"टेकू नोका जी. पण ती शाळेचं दप्तर मागून राहिली, घरी जाऊ म्हणून राहिली. तिले सुखानं राहू द्या न."

"सुखानं राहू द्या म्हणजे मरू द्या, असंच न?"

शुभांगीने मांडीवरची औषधाची पिशवी आणखी जवळ ओढली.

मॉर्फिनच्या पातळ औषधाने गुड्डी पंधरा दिवस बरी होती, म्हणजे दुखण्यावाचून होती. ती अंगणात बसे, शेजारच्या मुलींना चित्रे काढून देई. पण कोणीतरी धर्मेंद्रला तलावाच्या पाळीजवळच्या तुलानाथांच्या आश्रमाचा पत्ता दिला.

महाराजांच्या अटी तीन होत्या. पहिली, पोराच्या वजनाइतके धान स्वतःच्या शेतातले, नुकतेच कापून झोडलेले हवे. त्याला ऊन लागलेले चालणार नाही. "उन्हात वाळवलेलं धान म्हणजे मुर्दा," ते म्हणत. "आपल्याले जिता जीव पायजे." दुसरी, पोत्याच्या लाखेवर आईबापांच्या अंगठ्याची खूण, म्हणजे कोणी दाणाभरही काढला अशी शंका नको. ते पोते मग अखंड पेटत्या धुनीवर शिंक्यासारखे टांगले जाई, पवित्र होण्यासाठी. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची: दवाखान्याचे "नशेचे पाणी" बंद. "ते पाणी मांस खाते. अन् पोरीले रडू देऊ नोका. रडलं का वजन उतरते."

म्हणून गुड्डी रडत नव्हती. पाच आठवडे ती पोटाशी गुडघे घेऊन एका कुशीवर पडून राही, आणि कोणी विचारले तर म्हणे, "दुखत नाही." रोग हटल्याचा तोही एक पुरावा मानला गेला.

जयघोषाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रीताबाई आल्या. वेदनाशमनाच्या कामासाठी गावोगाव फिरणाऱ्या त्या परिचारिका. दोन वेळा त्यांना दारातूनच परत पाठवले होते. यावेळी शुभांगीने त्यांना हात धरून आत आणले.

"दादा, एवढंच करू द्या," पिशवीतून वजनाचा काटा काढत त्या म्हणाल्या. "ये वो गुड्डी, उभी राह्यतं काय?"

गुड्डी आईच्या आधाराने उभी राहिली. सतरा किलो चारशे ग्रॅम.

"दिवाळीत एकोणीस होतं," रीताबाई दवाखान्याच्या कार्डावर बोट ठेवून म्हणाल्या.

धर्मेंद्र हसला. "तुमचा काटा खोटा आहे बाई. काल चारशे लोकांनी पाह्यलं. पोरगी किलोभर चढली."

"मंग तुमच्याच काट्यावर पाहा न दादा. तुमचा तं सरकारी शिक्क्याचा आहे." रीताबाई इतकेच बोलल्या. वाद घालून माणसाला हरवणे सोपे असते. त्याने स्वतः पाहावे म्हणून गप्प राहणे कठीण.

दुपारी धर्मेंद्र गुड्डीला मोटरसायकलवर पुढे बसवून खरेदी केंद्रावर घेऊन गेला. बाईंना खोटे पाडायचे हाच त्याचा हेतू. काट्याशी कवडू नावाचा म्हातारा शेतकरी आधीपासून तणतणत उभा होता.

"काय गा धर्मेंद्र, गेल्या हप्त्यात तूच पोतं वापस केलं न? ओलावा जास्त, वाळवून आणजा म्हणून? वाळवून आणलं, तं आता पोत्यामागं चार किलो कमी भरून राहिलं! माया घरात काय उंदराईची पलटण हाय?"

"उंदीर नाही काका," पोरीला अलगद काट्यावर बसवत धर्मेंद्र सवयीने म्हणाला. हे वाक्य त्याने त्या हंगामात शंभर वेळा तरी उच्चारले असेल. "पाणी उडालं. दाणे तेवढेच आहेत. ओलं धान भारी, वाळलं का हलकं."

काट्यावर आकडे उमटले. सतरा किलो चारशे ग्रॅम. धर्मेंद्रने काटा शून्यावर आणला, तिला पुन्हा बसवले. तेच.

गुड्डी मान वर करून बापाकडे पाहत होती.

"बाबा, मंग महाराजाच्या पोत्यातलं बी पाणी उडालं काय? तिथं तं खालून आग बी हाय."

जे ज्ञान रोज सकाळी दहा ते पाच धर्मेंद्र इतरांना सुनावत होता, ते सोमवारी मंडपाच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवत होता, हे त्याला त्या क्षणी कळले. त्याला ते माहीत नव्हते असे नाही. माहीत असावे अशी त्याची इच्छा नव्हती.

तो गुडघ्यावर बसला. "बेटा, खरं सांग. दुखते काय?"

गुड्डीने आधी आजूबाजूला पाहिले. "सांगू? वजन नाही न उतरत?"

"नाही उतरत वो माय."

"लय दुखते बाबा," ती म्हणाली, आणि पाच आठवड्यांनंतर प्रथमच मोठ्याने रडली.

धर्मेंद्रने फोन केला, आणि रीताबाई तासाभरात घरी आल्या. मधल्या खंडामुळे जुने माप एकदम देता येत नाही, म्हणून त्यांनी डॉक्टरांना फोनवर विचारले आणि थोड्या मात्रेपासून औषध पुन्हा सुरू केले. पहिला घोट धर्मेंद्रने स्वतःच्या हाताने दिला. सूर्य मावळायच्या आत गुड्डी पाय लांब करून झोपली. शुभांगीने नवऱ्यापुढे ताट वाढून ठेवले, आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहिली.

पुढच्या सोमवारी धर्मेंद्र एकटाच आश्रमात गेला. हातात ओलावा मोजायचे यंत्र होते.

"पोरगी कुठी हाय?" महाराजांनी विचारले.

"झोपली हाय जी. आज पोतं तोला म्हणतो. इकडं पोतं ठेवा, तिकडं वजनं."

मंडपात कुजबुज झाली. महाराजांना नको म्हणायला कारण सापडेना. पोते त्याचे, अंगठा त्याचा. पारड्यात लोखंडी वजने चढू लागली. पहिल्या दिवशी एकोणीस किलो पुकारलेले ते पोते सव्वासोळालाच समतोल झाले. लाख शाबूत होती. एक दाणाही चोरीला गेला नव्हता.

धर्मेंद्रने लाख फोडली, मूठभर दाणे यंत्रात टाकले आणि आकडा मोठ्याने वाचला. "अकरा टक्के! कापलं तवा चोवीसच्या जवळ असन. पोरगी चढली नाही गा, धान उतरलं. पोरगी बी उतरली, पण धान तिच्याहून जास्त उतरलं."

गर्दीतून धानाची रोपे लावायला, रोवणीला जाणारी रंभाबाई नावाची वृद्धा पुढे आली. तिने दोन दाणे दाताखाली टाकले. कट्ट आवाज झाला.

"हे तं पार खडखडीत वाळलं वो बाई," ती म्हणाली. "बिनवाळल्याच धानाचा हट्ट काहून करते हा बाबा, ते आता समजलं. आमी सारी जिंदगी धानात गेलेली माणसं, अन् आमालेच धानानं फसवलं!"

काही जण हसले. त्या हसण्याने जे झाले, ते यंत्राच्या आकड्याने झाले नव्हते. महाराज डोळे मिटून गरजले, "शंकेनं सुकलं! याच्या शंकेनं धान सुकलं!"

"मंग आमाले कायले उन्हात पसरून सुकवा लागते जी?" रंभाबाईंनी विचारले. "घरी बसून शंकाच घेत जाऊ न. तुमची लाकडं बी वाचतीन."

त्या दिवशी निम्मा मंडप उठून गेला. निम्मा बसून राहिला, हेही सांगितले पाहिजे. सत्याने खोटे उघडे पडते, परंतु रिकाम्या हातांची धास्ती त्याने एका दिवसात जात नाही. धुनी आणखी महिनाभर जळली. मग महाराज एका सकाळी तराजूसह लाखनीच्या दिशेने निघून गेले.

गुड्डी त्या सोमवारनंतर सव्वीस दिवस जगली. तिने चित्रे काढली, दोनदा शाळेत जाऊन मैत्रिणींत बसली, एकदा तळलेल्या मासोळीचा हट्ट धरला आणि दोन घास खाल्ले. एका दुपारी तिने बापाला विचारले, "मी बरी नाही होणार न?" धर्मेंद्रने जिभेवर आलेले खोटे गिळले आणि तो म्हणाला, "नाही बेटा. पण दुखू नाही देणार. अन् आमी दोघं इथंच आहोत." ती म्हणाली, "मंग ठीक हाय," आणि रंगाची डबी मागितली.

ती गेल्यावर आठवड्याभराने सांत्वनाला आलेल्या माणसांत पवनीकडच्या कोंढ्याची रुखमिणी होती. तिच्या सात वर्षांच्या मुलीच्या हाडात तोच रोग होता, आणि तिला महाराजांचा नवा पत्ता हवा होता. धर्मेंद्रने तिला सारे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि पदराने डोळे पुसले.

"पण दादा, तुमची पोरगी तं औषधानं बी गेलीच न? मंग औषधानं केलं काय?"

धर्मेंद्र तिच्यासमोर येऊन बसला.

"ती जाणारच होती बाई. देवाचं नाव घ्या, मी बी घेतो. पण कोणी चमत्कार दाखवला तं त्याले इचारा, कसा होते, पुन्हा करून दाखव, मोजून दाखव. अन् जो म्हणते पोरीचं औषध बंद करा, त्याच्या दारातून उलट्या पायानं वापस या. पाच हप्ते माही पोरगी तळमळली अन् मी टाळ्या पिटल्या. ते पाच हप्ते मले कोणताच डॉक्टर वापस देत नाही, कोणताच देव देत नाही. तुमच्या पोरीचे दिवस अजून तुमच्या हातात आहेत."

रुखमिणीने पिशवीतून आपला फोन काढला आणि ती म्हणाली, "त्या नर्सबाईचा नंबर सांगा."