माझ्या कामाची शेवटची चौदा मिनिटे

दिनांक १६ एप्रिल २०२४, मंगळवार. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. आष्टी तालुक्यातील खडकवस्तीच्या रस्त्याकडेला रिकामे ड्रम एकूण त्रेचाळीस. त्याच क्षणी त्या ड्रमांपासून दीड किलोमीटर खाली, खिंडीच्या चढावर, दहा हजार लिटर पाण्याने भरलेला टँकर बंद पडला. तो माझ्यामुळे बंद पडला.

मित्रांनो, मी एक जुना ईसीएम आहे. नाव परके वाटेल, पण काम समजण्यासारखे आहे. ट्रकच्या इंजिनात डिझेल केव्हा सोडायचे आणि किती सोडायचे, हे ठरवणारी विजेची पेटी म्हणजे मी. वहीएवढी माझी ॲल्युमिनियमची काया. चालक मला नुसते ‘डबी’ म्हणतात.

माझा जन्म २०११ सालचा. कारखान्यात मला भट्टीत तापवून, मग गोठवून पाहिले आणि त्यानंतरच एका ट्रकच्या इंजिनावर बसवले. इंजिनात डिझेल फवारणारे सहा इंजेक्टर होते. मित्रांनो, सहाही एकाच साच्यातले असले तरी त्यांचे स्वभाव एक नव्हते. एक डिझेल किंचित अधिक सोडी, दुसरा किंचित कमी. म्हणून प्रत्येकाच्या माथ्यावर एक क्रमांक कोरलेला होता. ते सहा क्रमांक माझ्या स्मृतीत होते आणि त्यांच्या आधारे मी सहाही जणांना एका लयीत चालवीत असे. मी कांदा वाहिला, सरकी वाहिली. पुढे ट्रकवर टाकी चढली आणि दर उन्हाळ्यात मी पाणी वाहू लागलो. चढ पार झाला की चालक उत्तरेश्वर डॅशबोर्डवर थाप मारून म्हणे, “डबी लई शहाणी हाय आपली.” ती थाप माझ्यापर्यंत पोचत असे.

मात्र तेरा वर्षांत मला कोणी उघडून पाहिले नाही, माझ्या तारा तपासल्या नाहीत. बॅटरी अशक्त झाली, तरी मालक राधाकिशन यांनी ती बदलली नाही. त्यातून एक रीत पडली. सकाळी धक्का मारून इंजिन एकदा सुरू केले की संध्याकाळपर्यंत ते बंद करायचेच नाही. विहिरीवर टाकी भरताना चालू, वस्तीवर ड्रम भरताना चालू, चहाच्या टपरीसमोरही चालू. या रीतीनेच माझा घात केला.

१३ एप्रिल रोजी टाकीचा मागचा आधार तडकला. उत्तरेश्वरने ट्रक वेल्डिंगवाल्या शहेबाजकडे नेला.

“इंजिन बंद कर. बॅटरीची वायर सोड,” शहेबाज म्हणाला.

“कावून? बंद केलं तर धक्का मारायला तू येणार हायस का? पाच मिन्टाचं काम हाय. वस्तीवर लोक खोळंबलेत.”

शहेबाज हसला. त्याने वेल्डिंगचा चिमटा पुढच्या बंपरला लावला आणि मागे टाके मारले. मागची वीज पुढच्या चिमट्याकडे निघाली, ती ट्रकच्या सगळ्या अंगातून. तिचा काही भाग माझ्या जमिनीच्या तारेतून, म्हणजे अर्थिंगमधून गेला. तार आवरणाच्या आत करपली. माझ्या अंतरंगातील एक जोड तडकला. थंड असताना तो टेकून राही. तापला की सुटे. तो सुटला की मी मुका होई आणि इंजिन थांबे.

सोळा तारखेला चढावर हेच घडले. वस्तीवरच्या बाया घागरी, कळशा घेऊन दीड किलोमीटर खाली आल्या. सर्वांत वयस्क छबुबाई टँकरला हात लावून म्हणाल्या, “उत्तरेश्वरा, तुझी गाडी लई लाजाळू झाली रे. चढ दिसला की खालीच बसती.”

बाया हसल्या. तो हसला नाही.

त्यानंतरचे दिवस मला आठवू नयेत असे वाटते. डिझेलचा फिल्टर दोनदा बदलला. डिझेलची टाकी धुतली. दिवसाला दोन खेपांची एक झाली, कधी एकही नाही. त्रेचाळीस ड्रमांपैकी निम्मे कोरडे राहू लागले. राधाकिशन उत्तरेश्वरला म्हणत, “तुला गाडीच चालवता येईना.” तो मान खाली घालून ऐके. तेरा तारखेचे वेल्डिंग त्याने कोणालाच सांगितले नव्हते.

२६ एप्रिल रोजी ट्रक आष्टीत नबी मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये आला. नबी मिस्त्रींनी तरुणपणी बीडच्या आयटीआयमध्ये शिक्षण घेतले होते. वय सहासष्ट. आधी बॅटरी मोजायची, मग तारा, मग पेटी. हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही.

“नबीचाचा, डबी बदला अन् सोडा,” राधाकिशन म्हणाले. “कावून एवढा वेळ?”

“राधाकिशनभाऊ, या गाडीची डबी कंपनीनं बनवायची बंद केली. बीडात एका मोडक्या गाडीची सापडली, ती माझ्याकडं हाय. एकच. ती जळली तर तिसरी न्हाई. मंग टँकर इथंच उभा अन् वस्ती तिथं.”

ते वाकून ट्रकच्या मागे गेले. टाकीच्या आधारावर त्यांनी बोट फिरवले.

“हे टाके कवा मारले?”

“जुने हायत,” उत्तरेश्वर म्हणाला.

“जुन्या टाक्याला गंज असतो बे. हा तर चांदीवानी चकाकतोय.”

तेवढ्यात उत्तरेश्वरच्या खिशातला फोन वाजला. छबुबाईंचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. “आज येतो का न्हाई तेवढं सांग बाबा. न्हाई तर दोनी गाई बहिणीकडं धाडते. हित्तं तान्हेल्या बगवत न्हाईत.”

त्याने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिले.

“चाचा, नवी डबी बसवली तर टिकंल का?”

“पैली कशानं गेली ते कळल्याबिगर न्हाई टिकायची.”

“मंग ऐका. वेल्डिंग तेरा तारखेला केलं. इंजिन चालूच होतं. शहेबाज बंद कर म्हणलता, मीच ऐकलं न्हाई.”

राधाकिशन उभे राहिले. “मला कावून सांगितलं न्हाई?”

“तुमी गाडीवरून उतरवलं असतं.”

नबी मिस्त्रींनी मध्येच विचारले, “भाऊ, यानं इंजिन चालू कावून ठेवलं, ते इचारा की.”

राधाकिशन यांनी ते विचारले नाही. त्यांची नजर बॅटरीवर गेली. ते म्हणाले, “बॅटरी आणतो मी. आजच.”

मित्रांनो, त्या एका कबुलीमुळे करपलेली तार सापडली. ती तशीच राहिली असती तर नव्या पेटीचाही जीव गेला असता.

आता माझे एकच काम उरले होते. दोन इंजेक्टरांच्या माथ्यावरचे क्रमांक झिजून पुसट झाले होते. नव्या पेटीला सहाही क्रमांक द्यायला हवेत, आणि ते अखंड फक्त माझ्या स्मृतीत होते. पण तापलो की मी मुका होत असे. म्हणून २७ एप्रिल रोजी सकाळी सहा वाजता, मी रात्रभर थंड झालेला असताना, नबी मिस्त्रींनी लॅपटॉपची तार मला जोडली.

“मी वाचतो, तू लिही. घाई करू नको, चुकू बी नको,” ते उत्तरेश्वरला म्हणाले.

पहिला क्रमांक मी सहज दिला. दुसरा, तिसरा. चौथ्याला ऊब जाणवू लागली. पाचव्याला पडदा क्षणभर रिकामा झाला आणि उत्तरेश्वरचा हात कागदावर थांबला. मी जोड धरून ठेवला. सहावा क्रमांक दिला. नबी मिस्त्रींनी तो दोनदा वाचला. चौदावे मिनिट संपता संपता जोड सुटला. तो पुन्हा टेकला नाही.

“दिलं बघ सगळं,” ते म्हणाले आणि त्यांनी स्वच्छ फडक्याने मला पुसले. तेरा वर्षांत मला प्रथमच कोणी पुसले होते.

नवी तार आली, नवी बॅटरी आली. बॅटरीची दोन्ही टोके सोडून मगच मला उतरवले आणि माझ्या जागी दुसरी पेटी बसली. माझे सहा क्रमांक तिला मिळाले. पावणेदहा वाजता इंजिन धक्क्याविना सुरू झाले. गाडी कोण नेणार, हे राधाकिशन यांनी सांगितले नाही. किल्ली मात्र त्यांनी उत्तरेश्वरच्या हातावर ठेवली.

हल्ली मी नबी मिस्त्रींच्या फळीवर असतो. वेल्डिंगसाठी निघालेला ट्रक दारात थांबला की ते मला इशारा म्हणून चालकाच्या हातात देतात आणि स्वतः बॅटरीची टोके सोडायला जातात. मित्रांनो, माझी विनंती एवढीच आहे. जे यंत्र तुमच्यासाठी मुकाट्याने राबते, त्याची अधूनमधून चौकशी करा. आणि हातून चूक झालीच तर दुरुस्ती करणाऱ्यापासून ती लपवू नका.

पाऊस चांगला झाल्याने १७ जूनला टँकरच्या खेपा थांबल्या. त्या संध्याकाळी उत्तरेश्वर गॅरेजमध्ये आला. त्याने खिशातून कागद काढून नबी मिस्त्रींना वाचून दाखवला. २८ एप्रिलपासून दिवस एक्कावन्न, खेपा एकशे दोन, चढावर बंद पडलेली खेप शून्य.