शेऱ्यावर अडकलेलं पान

त्या मंगळवारी बाबा चिन्नोर तांदळाचं पान लिहीत बसले होते. रामपायलीकडच्या धानाच्या जुन्या जातींची एक साधी वेबसाइट आम्ही दोघं मिळून करत होतो. ते मजकूर टाइप करायचे. पायथॉनमध्ये मी लिहिलेला छोटा प्रोग्राम त्याची पानं बनवायचा. कृषी खात्यात नोकरी काढलेल्या बाबांना स्वतःचा मसुदा स्वतःच मंजूर करणं पटत नसे. म्हणून मी एक प्लगइन जोडलं: वाचणाऱ्यानं शेरा मारायचा, लिहिणाऱ्यानं उत्तर द्यायचं, मगच पान बाहेर. ते मी कोडसकट नेटवर सगळ्यांसाठी ठेवलं होतं.

संध्याकाळी मी शेरा टाकला: भाताला पाणी किती, ते लिहिलेलं नाही.

"तुले भात खाता येते, शिजवता येत नाही," बाबा म्हणाले. "उद्या लिहितो."

सकाळी ते उठले नाहीत.

पुढे कित्येक महिने मी ते फोल्डर उघडलं नाही. पान तिथंच होतं, माझ्या शेऱ्याखाली. उत्तर लेखकाच्याच नावानं द्यावं लागे, आणि बाबांच्या नावानं मला लिहवत नव्हतं.

२००६ च्या जानेवारीत मलाजखंडहून गजेंद्र नावाच्या एका शिक्षकाचा मेल आला, हिंदीत. शाळेच्या अंकासाठी त्यांनी माझं प्लगइन घेतलं होतं. एका बाईंची बदली झाली आणि त्यांची पानं शेऱ्यांवर अडकली. लिहिणारा निघून गेला तर पुढे काय, याची सोय का नाही, असं त्यांनी विचारलं होतं.

प्रश्न रास्त होता. मी पुन्हा कोड उघडला. आता लेखक नसेल तर दुसरं कुणी स्वतःच्या नावानं उत्तर देऊ शकणार होतं. वर लेखकाचं नाव तसंच राहणार होतं.

तपासून पाहायला अडकलेलं पान हवं होतं. माझ्याकडे एकच होतं.

मी आईला बोलावून ते वाचून दाखवलं, शेऱ्यासकट.

"पाणी काहून नाही लिहिलं त्यायनं?" ती म्हणाली. "रोज तर भाताच्या गंजापाशी येऊन उभे राहत."

नव्या तांदळाला कमी, जुन्याला जास्त, आणि बोट बुडवून कसं बघायचं, हे ती सांगत गेली, मी टाइप करत गेले. उत्तराखाली आईचं नाव आलं: प्रेमलता. तिनं ते स्वतः वाचलं. मग जीराशंकर तांदळाचं पान कसं नाही म्हणून मलाच दटावलं, आणि उद्या ते आपण सांगू असं ठरवून चहा ठेवायला गेली.

मी प्रोग्राम चालवला. पान बनलं. वर बाबांचं नाव, खाली त्यांची ती सावकाश चालणारी वाक्यं. इतके दिवस त्यांत काय राहून गेलं, एवढंच मी शोधत आले होते.

"बाबा," मी मोठ्यानं म्हणाले, "तुमचं लिहिणं मले लय आवडते."