फरकाचा रकाना

माझ्या बायकोला आता माझा चेहरा दिसत नाही. ती आंधळी झालेली नाही. घरात फिरते, दार उघडते, रस्त्यावरून येणारी गाडी तिला माझ्याआधी कळते. पण ज्या वस्तूकडे रोखून पाहावं, तिचा मधला भागच पुसलेला असतो. माझ्याकडे पाहिलं की नाक-डोळे-तोंड असायला हवं तिथे करडा डाग, आणि दोन बाजूंना कान. "कान दिसतात तुमचे," ती म्हणते. "कधी वापरले नाहीत, पण आहेत जागेवर." ती हे हसत म्हणते. मला हसू येत नाही, कारण तिचे डोळे माझ्यामुळे गेले आणि कसकसे गेले ते मला तारीखवार सांगता येतं.

मी कवळ्या करतो. दंतवैद्य लोकांच्या तोंडाचे ठसे पाठवतात, मी त्यांत प्लास्टर ओतून साचे काढतो आणि मेणात एकेक दात बसवतो. घराची पुढची खोली हाच माझा कारखाना. सकाळी आठ वाजता माझे हात कोपरापर्यंत पांढरे झालेले असतात, म्हणून भाव वाचायचं काम सव्वीस वर्षं बायकोकडे होतं. खिडकीपाशी खुर्ची ओढायची, वर्तमानपत्राचं शेवटून दुसरं पान उघडायचं आणि वाचायचं: आधी सोनं, मग चांदी, मग शेअर बाजाराचा निर्देशांक, शेवटी माझे शेअर असलेल्या दोन खाणकंपन्या. तेवढी पंधरा मिनिटं घरात दुसरं कोणी काही बोलायचं नाही. हात धुतले की मी आकडे वहीत उतरवायचो. वाचून झालेलं वर्तमानपत्र तोवर टेबलावर अंथरलेलं असायचं आणि त्याच्यावर प्लास्टर सांडलेलं असायचं. स्वतः पान का पाहिलं नाहीस, असं पुढे मला सगळ्यांनी विचारलं. त्याचं अर्धं उत्तर हे. उरलेलं अर्धं असं, की साऱ्या जगात मी डोळे मिटून विश्वास टाकला तो एकाच माणसावर, आणि ते माणूस त्या खुर्चीत बसलेलं होतं.

बँकांवर मात्र माझा काडीचा विश्वास नाही. मी चौदा वर्षांचा असताना वडिलांच्या बँकेने एका मंगळवारी शटर खाली ओढलं. वडील अकरा दिवस डबा घेऊन रांगेत उभे राहिले. शेवटी शंभराला अकरा या हिशेबाने काय ते हातावर टेकवलं गेलं. बँकेच्या वरच्या साहेबांचा बंगला मात्र तसाच राहिला, आम्ही शाळेत जाताना तो रोज पाहायचो. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी ताकच काय, पाणीसुद्धा फुंकत राहिलो. हातात पैसा आला की चांदीची वीट घ्यायची आणि प्लास्टरच्या पिंपात तळाशी पुरायची. चोर प्लास्टरमध्ये हात घालत नाही.

मोठ्या बँका कागदावरची चांदी विकून खऱ्या चांदीचा भाव दाबून धरतात, हे माझं ठाम मत. ते मी दंतवैद्यांना ऐकवलं, कुरिअरवाल्याला ऐकवलं, बायकोच्या धाकट्या भावाला तर येईल तेव्हा ऐकवलं. हा माझा मेहुणा एका मोठ्या बँकेच्या शाखेत नोकरीला. मी त्याला 'बँकवाला' म्हणायचो, तोंडावरसुद्धा. त्याला राग येत नसे. दाजी, यंदा पिंप किती टक्के व्याज देतंय, एवढंच विचारायचा.

दर शनिवारी मी जुन्या सोन्याच्या दातांचा चुरा विकायला सराफाकडे जातो. त्याच्या दुकानात भावाची पाटी असते, खडूने लिहिलेली. अशाच एका शनिवारी पाटीवर चांदीपुढे शहात्तर होतं आणि माझ्या वहीत त्र्याहत्तर. सराफ म्हणाला, सकाळपासून शहात्तरच आहे, वर्तमानपत्रातही तेच असणार. मी म्हटलं, छापताना चुकलं असेल. सोमवारी पुन्हा चुकलं. बुधवारी सोन्याचा भाव चुकला. मग मी रोज संध्याकाळी पाटी पाहायला जाऊ लागलो आणि वहीत एक नवा रकाना आखला, 'फरक'. त्यासाठी लाल पेन्सिल आणली. पहिल्या आठवड्यात तीन फरक निघाले, चौथ्यात सहा.

खरं सांगतो, माझा आनंद गगनात मावत नव्हता. माझ्या बोलण्याला आयुष्यभर लोक हसले, आणि आता पुरावा चालत माझ्या दारात येत होता. बँकांनी वर्तमानपत्र विकत घेतलं होतं. लोकांनी चांदी घेऊ नये म्हणून रोज खोटे भाव छापले जात होते. मी संध्याकाळी घरी येऊन बायकोला खरा भाव मोठ्याने सांगायचो आणि लाल आकडा लिहायचो. ती म्हणायची, अहो, छापणाऱ्याची चूक असेल. मी म्हणायचो, एकाच रकान्यात, रोज? त्यावर ती गप्प बसायची. ती पटून गप्प बसते असं मी धरून चाललो.

पाचव्या आठवड्यात रविवारी मेहुणा आला. चहा ओतताना बायकोने धार कपाच्या कडेवर धरली, चहा बशीत आणि बशीतून टेबलावर. मेहुण्याने पुसून घेतलं, तिच्याकडे बघत राहिला, आणि ती आत गेल्यावर म्हणाला की ताईचं काहीतरी बिघडलंय. येत्या शनिवारी त्याच्या शाखेत ग्राहकांसाठी डोळ्यांची मोफत तपासणी होती. मोठ्या इस्पितळातून डॉक्टर येणार होते, ग्राहक नसलात तरी घरच्यांना चालतं, मी तिला न्यायला येतो, असं तो म्हणाला.

"आधी डोळ्यांत धूळ फेकायची आणि मग तेच डोळे फुकट तपासायचे," मी म्हटलं. "तुझ्या बँकेला म्हणावं, आमचे डोळे उघडे आहेत."

या वाक्यावर मी कितीतरी वेळ खूश होतो. मेहुणा हसला नाही. बायको दारात येऊन उभी होती. तो तिच्याकडे पाहायला लागला, ती माझ्याकडे, आणि मग म्हणाली, बघू नंतर. त्या शनिवारी मी वही घेऊन सराफाच्या दुकानात बसलो होतो आणि त्याला फरकाचा रकाना समजावून सांगत होतो.

पुढे मी संपादकांना पत्र लिहिलं. पाच पानं, एक्केचाळीस तारखा, छापलेला भाव, खरा भाव, फरक. सात आठवड्यांनी जाडजूड पाकीट आलं. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस दिवसांची कात्रणं होती, प्रत्येकावर भावाभोवती निळ्या शाईचं वर्तुळ. सोबत एक ओळ: आपण कोणते वर्तमानपत्र वाचता ते कृपया कळवावे.

मी कात्रणं पाटीच्या आकड्यांशी ताडून पाहिली. सगळी बरोबर होती. बारा-तेरा कात्रणांनंतर पुढची पाहायची गरज नव्हती. तरी मी सगळी संपवली, सवयच तशी. मग हात धुतले. त्या दिवशी ते स्वच्छच होते, तरी धुतले. बायको खिडकीपाशी बसून ठशांचे डबे पुसत होती. मी वरचं कात्रण तिच्या हातात दिलं.

"हे वाच," मी म्हटलं.

तिने कागद जवळ घेतला, लांब धरला, मान कलती करून डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. मग तिने चांदीचा भाव सांगितला. तो कालचा भाव होता. आदल्या संध्याकाळी पाटीवरून मीच आणलेला. कात्रण तीन महिन्यांपूर्वीचं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही इस्पितळात गेलो. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब घातले, यंत्रातून आत पाहिलं, चौकटींचा कागद धरून रेघा सरळ दिसतात का ते विचारलं. बायको म्हणाली, मधल्या रेघा दिसतच नाहीत. पडद्याच्या मधोमध रक्त झिरपलं होतं आणि आता तिथे व्रण धरला होता. हे कधीपासून होतंय, बाईंनी विचारलं. मी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली.

बाईंना आधी कळेना. मी सांगितल्यावर त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली. पहिला लाल आकडा, मग दोन, मग आठवड्याला सहा, मग रोज. त्यांनी बोट ठेवून तारखा वाचल्या. "इतकी नीट नोंद आमच्याकडे कोणीच आणत नाही," त्या म्हणाल्या. मी पाचव्या आठवड्याचा शनिवार दाखवला आणि विचारलं, या दिवशी कोणी पाहिलं असतं तर? त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, तेव्हा इंजेक्शनं सुरू झाली असती तर बरीचशी नजर राहिली असती. आता कडेची जपू.

इंजेक्शनांसाठी मी पिंप उपसलं आणि विटा सराफापुढे ठेवल्या. त्याने दोनदा विचारलं, आज भाव उतरलेला आहे, थांबायचं का? मी पाटीकडे पाहिलंही नाही. पैसे कुठे नेणार, असं त्याने काळजीने विचारलं. ते मी सरळ मेहुण्याच्या शाखेत नेऊन भरले, कारण इस्पितळाला चेक हवा होता. मेहुण्याने फॉर्म भरून दिला, सही कुठे करायची ते दाखवलं. पिंपाबद्दल काही विचारलं नाही. त्याने चिडवलं असतं तर बरं वाटलं असतं.

तिला मी बरेच दिवस विचारलंच नाही. एकदा संध्याकाळी ती माझ्या टेबलाशेजारी बसली होती, बोटांनी चाचपून मेणाचे तुकडे वेगळे करत होती, तेव्हा विचारलं. माहीत होतं तर बोलली का नाहीस?

ती म्हणाली, सुरुवातीला चष्म्याचा नंबर वाढला असेल असं वाटलं. पुढे अक्षरं वाकडी दिसायला लागली तेव्हा ती घाबरली होती, सांगणारही होती.

"पण तुम्ही लाल पेन्सिल घेऊन आलात," ती म्हणाली. "तुमचा चेहरा असा फुलला होता... लग्नाच्या दिवशीसुद्धा असा पाहिला नव्हता मी. आता सांगितलं तर हा चेहरा जाईल, असं वाटलं. म्हटलं, अजून चार दिवस पाहून घेऊ."

ती मेणाचे तुकडे लावत राहिली, मोठे एका बाजूला, बारीक दुसऱ्या. त्या तीन महिन्यांत मी एकही संध्याकाळ न चुकता पाटी पाहून आलो होतो. तिच्या चेहऱ्याकडे पाहिल्याचं मला काही केल्या आठवेना.